आजीची नागीण आणि नातवाच्या कांजिण्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ६७ वर्षांच्या, दहा वर्षांपासून मधुमेह. परवा डाव्या बाजूला छातीपासून पाठीपर्यंत पट्ट्यात फोड आले, डॉक्टरांनी नागीण म्हणून सांगितलं. पाच आठवड्यांपूर्वी तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला कांजिण्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे घरात सगळे त्याच्याकडे बोट दाखवताहेत. जाऊबाईंना चौथा महिना आहे. दहा दिवसांनी दिवाळी, नणंदबाई आठ महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी येणार. शेजारच्या काकू म्हणतात, नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो. आणि रात्री मोबाइलवर तुम्ही वाचलंत की या विषाणूमुळे पक्षाघात होतो, विस्मरणाचा आजार होतो.

मी बालरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी तीस वर्षं दवाखाना चालवतोय. कांजिण्या हा माझा रोजचा विषय. नागीण मोठ्या माणसांची, पण ती माझ्या टेबलापर्यंत येतेच, कारण लेकराला दाखवून झालं की दारात पाय ठेवूनच कोणीतरी म्हणतं, "डॉक्टर, आमच्या आईंचं एकदा बघता का?"

आधी तातडीचं. सासूबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत का? मलम नव्हे, गोळ्या. अ‍ॅसायक्लोव्हिर असेल तर मोठ्या माणसाला नागिणीसाठी ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा. अंग उठल्यापासून, म्हणजे फोड दिसू लागल्यापासून, ७२ तासांच्या आत ही सुरू झाली तर खरा उपयोग. तुमचा आज तिसरा दिवस धरला तर घड्याळ बघायलाच हवं. दुकानातून आणलेली ट्यूब चोळत चार दिवस घालवणारे पेशंट मी इतके पाहिलेत की हे पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. मधुमेह जुना आहे, म्हणून मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी बघूनच डॉक्टर डोस ठरवतील. पाणी भरपूर पाजा. गेरू लावला असेल तर त्यासाठी त्यांना रागावू नका, पण फुटलेल्या फोडांवर गेरू, राख, दुर्वांचा रस काही नको, जखम पिकते. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, वर सैल सुती कापड.

आता नातवाचं. त्याचा काही दोष नाही, त्याला आधी मोकळं करा. नागीण कोणाकडून 'लागत' नाही. सासूबाईंना कधीतरी लहानपणी, कदाचित साठ वर्षांपूर्वी, कांजिण्या आल्या असतील. त्या बऱ्या झाल्या, खपल्या पडल्या, पण विषाणू अंगातून गेला नाही. तो त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने मागे सरकत मणक्याशेजारच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये जाऊन बसला. तिथे तो दशकानुदशकं निपचित राहतो. वय वाढलं, मधुमेह जडला, एखाद्या आजारासाठी स्टिरॉइड घ्यावी लागली, किंवा काहीच कारण दिसत नसतानाही त्याच्यावरचा पहारा ढिला पडला, की एका गाठीतला विषाणू जागा होतो आणि आलेल्या वाटेनेच परत त्वचेकडे निघतो. त्या एका मज्जातंतूची जेवढी हद्द, तेवढ्याच पट्ट्यात फोड येतात. म्हणजे कांजिण्या आणि नागीण हे दोन आजार नव्हेत, एकाच विषाणूच्या दोन खेपा आहेत. तुमच्या घरात पाच आठवड्यांच्या अंतराने दोन्ही दिसल्या हा योगायोग.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तीही घराघरांत बघूनच. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजिण्या येतात. उलटी बाजू, म्हणजे नागीण येते कुठून, हे नीट मांडलं ते इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने. एडगर होप-सिम्पसन त्यांचं नाव. साडेतीन हजार लोकवस्तीचा दवाखाना, सोळा वर्षांच्या नोंदी आणि त्यात नागिणीचे १९२ पेशंट. त्यांना दिसलं की गावात कांजिण्यांची साथ असो वा नसो, नागिणीला काही फरक पडत नाही. ऋतूचाही नाही. फक्त वयाबरोबर ती वाढत जाते. शेटलंड बेटांतल्या येल बेटावर जाऊनही त्यांनी माग काढला, कारण अशा आडजागी कोणाला कधी काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की विषाणू बाहेरून येत नाही, आतलाच उठतो. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, नुसती वही. मला हा माणूस फार आवडतो.

वेढ्याचं आता सांगतो, कारण काकूंच्या त्या वाक्याने सासूबाईंची झोप गेली असणार. मणक्यातून मज्जातंतू जोडीने निघतात, एक डावा, एक उजवा, आणि प्रत्येकाची हद्द अंगाच्या मधल्या रेषेपाशी संपते. जागी झाली आहे ती डावीकडची एक गाठ. म्हणून फोड डाव्या बाजूने येतात आणि पुढे छातीच्या हाडाशी, मागे कण्याशी थांबतात. वेढा पुरा होतच नाही. ग्रीकांना या पट्ट्यात कमरपट्टा दिसला, आपल्याला साप दिसला, आणि साप म्हटल्यावर तोंड-शेपटी जुळण्याची गोष्ट आपोआप तयार झाली. मात्र त्या भीतीत कणभर तथ्य आहे, तेही सांगून टाकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या औषधांनी किंवा एचआयव्हीने खचलेली असते, त्यांच्यात फोड पट्टा सोडून अंगभर पसरू शकतात आणि तो खरोखर जिवावरचा प्रकार असतो. नव्वदच्या दशकात तिशीतल्या धडधाकट ट्रकचालकाला नागीण झालेली दिसली की आम्ही आधी एचआयव्हीची तपासणी करायचो, आणि अनेकदा शंका खरी निघायची. तेव्हा नागीण मारत नव्हती, मागे काय दडलंय ते दाखवत होती. ६७ वर्षांच्या मधुमेही बाईंना एका पट्ट्यात आलेली नागीण ही तशी खूण नाही.

जाऊबाईंबद्दल तुम्ही सासूबाईंच्या नागिणीची काळजी करताय, पण त्यांना खरा धोका पाच आठवड्यांपूर्वी होता. नागिणीचा विषाणू दुसऱ्याला लागला तर त्याला नागीण नव्हे, कांजिण्या होतात; तो मुख्यतः फोडांतल्या पाण्यातून लागतो, झाकून ठेवलं की बराचसा आवरतो. कांजिण्या मात्र हवेतून पसरतात, आणि अंगावर पहिली पुळी दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच. ज्यांना आधी कधी झालेल्या नाहीत अशी माणसं एकाच घरात राहत असतील तर दहातल्या नऊ जणांना लागतात. संसर्गानंतर अंग उठायला १० ते २१ दिवस लागतात. तुमच्या मुलाच्या खपल्या धरायला आठवडा गेला असं धरलं तरी जाऊबाईंची मुदत टळून गेली आहे. एकाच स्वयंपाकघरात वावरून त्यांना काही झालं नाही, याचा अर्थ त्यांना लहानपणीच होऊन गेल्या असण्याची शक्यता खूप मोठी. त्यांच्या आईला फोन करून विचारा. आईला नक्की आठवत नसेल तर रक्तातली प्रतिपिंडांची, आयजीजी नावाची एक तपासणी होते, ती प्रसूतितज्ज्ञांकडून करून घ्या. ती नकारार्थी आली तर सासूबाईंच्या फोडांना, कपड्यांना, पट्टीला हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. मी हे बारकाईने लिहितोय, कारण पहिल्या २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर अगदी थोड्या, शंभरात एक-दोनाहून जास्त नाही अशा, गर्भांच्या हातापायांत, डोळ्यांत, मेंदूत व्यंग राहतं. आणि बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईला अंग उठलं, तर नवजात बाळाला फार जोरात होतात. बाळाला विषाणू मिळालेला असतो, पण आईची प्रतिपिंडं मिळायला वेळच झालेला नसतो.

मुलांना कांजिण्या किरकोळ असतात, येऊन गेलेल्या बऱ्या, असं म्हणणारे आजी-आजोबा मला रोज भेटतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. आई केस विंचरताना डोक्यात दोन पुळ्या लागतात, संध्याकाळी पोटापाठीवर पसरतात, एकाच वेळी कुठे लाल ठिपका, कुठे दवाच्या थेंबासारखा पाणीदार फोड, कुठे खपली. पूर्वी याच्याशी देवीची गल्लत व्हायची. विल्यम हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरांनी १७६७ मध्ये हे दोन आजार वेगळे असल्याचं मांडलं. आपल्याकडे देवी गेली, पण तिच्या चालीरीती कांजिण्यांना चिकटून राहिल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी द्यायची नाही, पाहुण्यांनी आत यायचं नाही. डहाळ्याची मी कधी चेष्टा केली नाही. गल्लीला न वाचताही कळणारी ती पाटी होती. आंघोळ बंद ठेवण्याशी मात्र माझं कायमचं भांडण आहे. घामट अंग खाजतं, पोर नखांनी फोड खरवडतं, त्यात जंतू शिरतात, आणि कांजिण्यांतून दवाखान्यात भरती करावी लागणाऱ्या मुलांत हेच एक मोठं कारण असतं. कोमट पाण्याची आंघोळ, कापलेली नखं, पातळ सुती कपडे. कडुलिंबाचा पाला पाण्यात घाला हवं तर.

ताप आला तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही म्हणजे नाही. सिडनीचे डॉ. डग्लस राय यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेला एक आजार आहे. त्यात कांजिण्या किंवा फ्लू बरा होत असताना मूल अचानक उलट्या करतं, ग्लानीत जातं, मेंदूला सूज येते, यकृत बिघडतं. अ‍ॅस्पिरिनशी त्याचा संबंध लक्षात येऊन मुलांना ते देणं थांबलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आयब्युप्रोफेनही कांजिण्यांत मी देत नाही, त्वचेखालच्या गंभीर जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध दिसलेला आहे.

आणि मग ते थोडके, ज्यांना कांजिण्या किरकोळ जात नाहीत. खपल्या धरत असताना, म्हणजे आता सुटलो असं आईला वाटत असताना, पोर एका सकाळी उठतं आणि झोकांड्या खात चालतं. अशा एका मुलाची आई दारातच म्हणाली होती, "डॉक्टर, चार वर्षांचं पोर दारू प्यायल्यागत चालतंय." पेला धरायला गेला की हात थरथरायचा, तोल सांभाळायला पाय फाकवून उभा राहायचा. मेंदूच्या मागच्या छोट्या भागाला, तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्काला आलेली ही सूज. साधारण चार हजार कांजिण्यांमागे एकाला असं होतं, आणि बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण सावरतात. तोही सावरला, आता बारावीला आहे. याहून क्वचित, पण नीट नोंदलेला प्रकार म्हणजे कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी मेंदूच्या रक्तवाहिनीला सूज येऊन लहान मुलाला होणारा पक्षाघात. घरचे तोवर कांजिण्या विसरून गेलेले असतात. म्हणून अचानक एका बाजूचा हात लुळा पडलेलं मूल आलं की आम्ही मागच्या वर्षभरात अंगावर काही उठलं होतं का हे विचारतो.

आईच्या पोटात असताना किंवा पहिल्या वर्षात कांजिण्या झालेल्या मुलांना शाळेच्या वयातच नागीण होऊ शकते. सात वर्षांच्या मुलाच्या बरगडीवर नागीण बघून घर हादरतं. मुलांत ती सहसा फार दुखत नाही आणि लवकर जाते.

मोठ्यांत दुखते. हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो. ते ७१ वर्षांचे होते. रात्री म्हणाले, छातीत डाव्या बाजूला जळतंय. मी घाबरून ईसीजी काढला, तो नॉर्मल. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, नॉर्मल. पित्ताची गोळी दिली. नागिणीचं दुखणं अंग उठायच्या दोन-चार दिवस आधीच सुरू होतं हे मी परीक्षेत लिहून पास झालेलो माणूस, पण त्यांचा बनियन वर करून बघितला नाही. पाचव्या दिवशी आईने पाठ चोळताना पाहिलं तेव्हा फोड चांगले भरलेले होते. गोळ्या दिल्या, पण वेळ टळली होती. फोड तीन आठवड्यांत गेले, आग मात्र अकरा महिने राहिली. पंख्याचा वारा सोसायचा नाही. सदरा अंगाला लागू नये म्हणून उन्हाळाभर उघडेच बसायचे, आणि कोणी आलं की पंचा अंगापासून दोन बोटं लांब धरायचे. फोड गेल्यावर तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूंवर काम करणारी औषधं लागतात. वय जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त. सासूबाईंच्या बाबतीत मला सगळ्यात मोठी चिंता याचीच आहे, पक्षाघाताची नाही.

तरी पक्षाघाताचं तुम्ही विचारलंय. होय, संबंध आहे. विषाणू मज्जातंतूच्या वाटेने रक्तवाहिनीच्या भिंतीपर्यंत पोचू शकतो. नागिणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोका थोडा वाढतो आणि वर्षभरात पुन्हा उतरतो. नागीण कपाळावर-डोळ्यापाशी असेल तर तो अधिक. तुमच्या सासूबाईंची छातीवर आहे. त्यांची साखर, रक्तदाब आणि चालू औषधं या महिन्यात चुकू देऊ नका, इतकं पुरे. कोणाला नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना जाणारी वाट एकच. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तर तीही नागीणच, आणि तिलाही तितकीच घाई.

स्मृतिभ्रंशाबद्दल जे वाचलंत त्यामागे वेल्समधली एक गंमतशीर गोष्ट आहे. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. लस तुटपुंजी, म्हणून त्यांनी वयाची रेघ ओढली. २ सप्टेंबर १९३३ किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळणार, आधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली दोन म्हातारी माणसं, सारखंच खाणं, सारखीच शिकलेली, आणि एकाला लस घेता येते, दुसऱ्याला येत नाही. लस घेणारे लोक मुळातच तब्येत जपणारे असतात, हा नेहमीचा आक्षेप इथे गळून पडतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोन्ही गटांच्या पुढच्या सात वर्षांच्या नोंदी पाहिल्या. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष असा की लस घेतल्याने स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने घटलं, आणि बायकांमध्ये परिणाम जास्त दिसला. आजवरच्या यासारख्या दाव्यांत मला हा सगळ्यात वजनदार वाटतो. पण तो लसीबद्दल आहे. नागीण झाली म्हणून सासूबाई विसराळू होणार असा त्याचा अर्थ काढू नका.

वेल्समध्ये दिलेली ती जिवंत विषाणूची जुनी लस होती. आपल्याकडे २०२३ पासून शिंग्रिक्स ही नवी लस मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, विषाणूच्या कवचाचं एक प्रथिन आहे. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत तिने ९७ टक्के नागीण टाळली, सत्तरीपुढे ९० टक्क्यांच्या आसपास. महाग आहे, आणि त्यामुळे मी सगळ्यांना सरसकट सांगत नाही. मी स्वतः घेतली. दंड दोन दिवस उचलवत नव्हता, एक रात्र थंडी वाजून ताप आला. स्मृतिभ्रंशासाठी नाही घेतली, वडिलांचे ते अकरा महिने आठवून घेतली. सासूबाईंना आत्ता नको. पूर्ण बऱ्या झाल्या की काही महिन्यांनी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. तुमच्या यजमानांची पन्नाशी कधी, तेही बघून ठेवा.

मुलांची लस वेगळी. ओसाकाचे मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत शिकत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या खूप जोरात झाल्या. जपानला परतून त्यांनी ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातला विषाणू घेऊन, त्याला दुबळा करून १९७४ मध्ये लस पुढे आणली. तीच ओका जात आजही वापरात आहे. अमेरिकेने ती १९९५ मध्ये सगळ्या मुलांना सुरू केली. ब्रिटन बराच काळ अडून बसलं, आणि त्याला कारण पुन्हा होप-सिम्पसन. त्यांचा एक अंदाज असा होता की आजारी नातवंडांच्या सहवासात आजी-आजोबांची प्रतिकारशक्ती ताजी होते. मुलांच्या कांजिण्या थांबवल्या तर म्हाताऱ्यांची नागीण वाढेल, ही भीती. मग २०२३ मध्ये तिथल्या सल्लागार समितीनेही लसीची शिफारस केली. दरम्यान अमेरिकेत दिसलं की लस घेतलेल्या मुलांना नागीण होण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही लस नाही, खासगीत मिळते, दोन डोस, पहिला पंधराव्या महिन्याला. उष्ण प्रदेशात कांजिण्या पुष्कळांना लहानपणी होतच नाहीत आणि मग पंचविशीत होतात, तेव्हा न्यूमोनियाही होतो. दर उन्हाळ्यात अमेरिकेला शिकायला निघालेली मुलं विद्यापीठाचा फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात, 'कांजिण्या झाल्या होत्या का' या रकान्यापाशी आई आणि मुलगा एकमेकांकडे बघत बसतात.

नणंदबाईंना येऊ द्या. बाळ आठ महिन्यांचं, म्हणजे आईकडून मिळालेलं संरक्षण आता संपत आलेलं आणि लसीचं वय अजून झालेलं नाही. फोड सहसा सात ते दहा दिवसांत खपली धरतात, म्हणजे वसुबारसेच्या आसपास. खपली धरलेली नसेल तर फोड पट्टीने पूर्ण झाकलेले हवेत, आणि तोवर आजीने बाळाला उराशी घ्यायचं नाही, पाळण्याची दोरी ओढायला हरकत नाही. भाऊबीजेपर्यंत खपल्या पडल्या असतील तर बाळ मांडीवर द्या, फक्त डाव्या बाजूला नको. तिथे अजून दुखत असेल.